हवामानशास्त्राला कुठे जायचं? पाषाणपासून कोचीपर्यंत, एकेक पायरीने

पहिला पाऊस पडला की मला दरवर्षी चार-पाच फोन येतात. कुणाच्या मावशीचा मुलगा असतो, कुणाची भाची असते, बारावी झालेली असते नाहीतर बीएस्सीचं शेवटचं वर्ष असतं, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, पुण्याच्या आयआयटीएममध्ये ॲडमिशन कशी मिळते?"

तर तिथूनच सुरू करू. आयआयटीएम म्हणजे पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, १९६२ साली सुरू झालेली. मान्सूनवर काम करणारी देशातली मोठी जागा, पण ती संशोधन संस्था आहे, कॉलेज नाही. बारावीनंतर फॉर्म भरून तिथे बीएस्सीला बसता येत नाही. तिथे जायचं ते पीएचडीसाठी, म्हणजे फेलोशिप तिथली आणि डिग्री विद्यापीठाची, किंवा एमएस्सी-एमटेक करताना काही महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी. (आणि गुगलवर आयआयटीएम टाकलं की निम्म्या वेळा मद्रासचं आयआयटी येतं, ते वेगळं. एक मुलगा पंधरा दिवस त्याच साईटवर मान्सून शोधत बसला होता.)

मी स्वतः फिजिक्समध्ये बीएस्सी, मग हवामानात एमएस्सी, आणि आता पवनचक्क्यांसाठी वाऱ्याचा अंदाज काढायचं काम करतो. एमएस्सीची जागा निवडताना मी चुकलो होतो, ते पुढे सांगतोच.

आधी काम ठरवा, कॉलेज नंतर

"मला हवामान आवडतं" एवढ्यावर विद्यापीठ निवडता येत नाही, कारण या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळे धंदे आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

समजा तुम्हाला वेधशाळेत, म्हणजे आयएमडीत (भारतीय हवामान विभागात), सरकारी नोकरी हवीये. मग हे नीट वाचा. आयएमडीतल्या सायंटिफिक असिस्टंटची भरती एसएससीमार्फत (दहावीचं बोर्ड नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) होते, २०२२ च्या भरतीत ९९० जागा होत्या, आणि पात्रता होती फिजिक्स विषय असलेली बीएस्सी, किंवा कॉम्प्युटर सायन्स-आयटी, किंवा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमा, फर्स्ट क्लाससह. हवामानशास्त्राची डिग्री मागितलेलीच नव्हती! आत गेल्यावर ते स्वतःच ट्रेनिंग देतात, त्यांची ट्रेनिंग इन्स्टिट्यूट पुण्यातच आहे. म्हणजे ज्याचं ध्येय हीच नोकरी आहे त्याने घरदार सोडून दोन वर्षं लांब एमएस्सी करण्याआधी एकदा विचार करावा. वरच्या सायंटिस्टच्या पोस्टसाठी मात्र एमएस्सी, एमटेक, पीएचडी लागते, तिथे विद्यापीठाला अर्थ येतो.

संशोधन करायचं असेल तर विद्यापीठापेक्षा गाईड महत्त्वाचा. शेतीसाठी करायचं असेल तर गाडी पूर्ण वेगळ्या रुळावर, ती बीएस्सी ॲग्रीवरून जाते. आणि माझ्यासारखं खाजगीत यायचं असेल, म्हणजे पवन-सौर ऊर्जा, पीक विमा, हवामान कंपन्या, तर कोडिंग आलंच पाहिजे. आमच्याकडे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात, प्रत्येक ब्लॉकमध्ये किती वीज तयार होणार ते आधी सांगावं लागतं आणि चुकलं की दंड. इंटरव्ह्यूत मला ढगांचे प्रकार कुणी विचारले नाहीत, डेटा दिला आणि म्हणाले दोन तासांत मॉडेलची, म्हणजे अंदाज काढणाऱ्या प्रोग्रॅमची, चूक काढून दाखव.

तर यातलं कुठलं, ते आधी कागदावर लिहा. नंतर बदललं तरी चालतंय.

बारावीनंतर काय घ्यायचं

आपल्याकडे हवामानशास्त्र हा मुख्यतः पदवीनंतरचा विषय आहे. त्यामुळे बारावीनंतर "हवामानशास्त्राचं कॉलेज" शोधत फिरू नका, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही चांगलं शिकवणारं कॉलेज शोधा, ते जवळ असलं तर फारच बरं. मॅथ्स सोडू नका, हे तीनदा लिहावंसं वाटतंय. पर्यावरणशास्त्र घेऊन बीएस्सी केलेली हुशार पोरं येतात आणि एमएस्सीच्या पात्रतेतच अडकतात, कारण तिथे बहुतेक जागी पदवीला गणित किंवा फिजिक्स किंवा दोन्ही लागतात.

यात नवल काही नाही. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय वेधशाळेचे प्रमुख झाले तेव्हा ते केंब्रिजचे गणिती होते, आणि मान्सूनचा अंदाज शोधता शोधता सदर्न ऑसिलेशन, म्हणजे प्रशांत महासागराच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबाचा झोका, सापडलं, आज घराघरात माहिती असलेला एल निनो त्याच्याशीच जोडलेला आहे. आपल्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ, ज्यांनी मान्सूनवर आयुष्यभर काम केलं, त्यांची हार्वर्डची पीएचडी अप्लाइड मॅथेमॅटिक्समधली.

बारावीनंतर थेट जायचा एक चांगला रस्ता आहे तो म्हणजे आयसर, विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्राच्या संस्था. पुण्याच्या आयसरमध्ये अर्थ अँड क्लायमेट सायन्स असा विभागच आहे, पाच वर्षांचं बीएस-एमएस, प्रवेश आयसरच्या स्वतःच्या परीक्षेतून म्हणजे आयएटीतून. सुरुवातीला सगळे विषय करायचे आणि मग कल ठरवायचा, त्यामुळे अठराव्या वर्षी "मला हवामानच करायचंय" अशी शपथ घ्यायची गरज नाही. आणि आयआयटीएम तिथून हाकेच्या अंतरावर.

आवड खरी आहे का हे बघायची माझी एक चाचणी आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७३. का? आता ईआरए-५ नावाचा डेटा युरोपियन सेंटरकडून फुकट डाउनलोड होतो, पायथन ही कोडिंगची भाषा फुकट आहे, यूट्यूबवर शिकवणारे शंभर आहेत, तर त्या दिवशीचे वारे आणि बाष्प यांचा नकाशा स्वतः काढून बघा. तो डेटा इतका ढोबळ आहे की त्यात सांताक्रूझ आणि कुलाबा जवळजवळ एकाच चौकोनात येतात, आणि मग प्रश्न पडतो की मॉडेलला हे दिसणार तरी कसं. हे करताना रात्रीचा एक वाजला आणि कळलं नाही, तर पुढचं वाचा. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं, दोन वर्षं आणि फी वाचली.

यादी बनवा

आता पदवीनंतरच्या जागा. मी सगळ्या देत नाहीये, ज्यांच्याबद्दल काहीतरी सांगण्यासारखं आहे त्याच.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा वातावरण आणि अवकाश विज्ञान विभाग, एमएस्सीसाठी. फायदा उघड आहे, विद्यापीठाच्या गेटबाहेर पडलं की एका बाजूला पाषाणला आयआयटीएम आणि दुसरीकडे शिवाजीनगरला आयएमडी, ज्याला जुनी पुणेकर मंडळी अजून सिमला ऑफिसच म्हणतात, कारण १९२८ मध्ये वेधशाळेचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं होतं. प्रोजेक्टसाठी बसने जाता येतं हा केवढा मोठा फायदा आहे ते लांबच्या पोरांना विचारा.

कोचीचं कुसाट, म्हणजे कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ. माझ्या मते एमएस्सी मीटिऑरॉलॉजीसाठी मराठी पोरांनी सर्वात कमी विचार केलेली आणि सर्वात जास्त करायला हवी अशी जागा. मान्सून देशात शिरतो तोच केरळातून, १ जूनच्या आसपास, आणि त्यांच्याकडे स्वतःचा २०५ मेगाहर्ट्झचा रडार आहे जो वरच्या वाऱ्यांचा वेध घेतो. प्रवेश त्यांच्या कॅट परीक्षेने, हे एमबीएवालं कॅट नाही बरं का. जेवणात खोबरेल तेल, त्याची सवय होते.

विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ, हवामान आणि समुद्रशास्त्राचा जुना विभाग. जुन्या जागांचा फायदा म्हणजे आयएमडीत आणि बाहेर सगळीकडे त्यांची माणसं भेटतात. चक्रीवादळात रस असेल तर बंगालच्या उपसागराच्या काठावर बसून शिकण्यात वेगळीच मजा आहे, २०१४ चं हुदहुद थेट याच शहरावर आलं होतं. तसाच विचार ओडिशाचा, आयआयटी भुवनेश्वर आणि एनआयटी राउरकेला, दोन्हीकडे वातावरणशास्त्र शिकवतात. अलाहाबाद विद्यापीठात के. बॅनर्जी सेंटर आहे, राजस्थानच्या केंद्रीय विद्यापीठात ॲटमॉस्फेरिक सायन्सचा विभाग आहे.

एमटेक आणि पीएचडीसाठी आयआयटी दिल्लीचं सेंटर फॉर ॲटमॉस्फेरिक सायन्सेस, बंगळूरच्या आयआयएससीचं कॅओस, खरगपूर आयआयटीचं कोरल (ही दोन्ही तिथल्या विभागांची नावं), आणि पीएचडीसाठी आपलं पवईचं आयआयटी, तिथे क्लायमेट स्टडीज आहे. यांतल्या एमटेकला गेट ही परीक्षा लागते. गेटमध्ये इंजिनिअरिंग सायन्सेस म्हणजे एक्सई नावाचा पेपर आहे आणि त्यात ॲटमॉस्फेरिक अँड ओशनिक सायन्सेस हा सेक्शन आहे, पण कुठली संस्था कुठला पेपर आणि कुठली पदवी धरते ते त्या त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये बघायचं, मित्राने सांगितलं म्हणून फॉर्म भरायचा नाही. पीएचडीची फेलोशिप हवी असेल तर सीएसआयआर नेट ही परीक्षा, विषय अर्थ सायन्सेस, हवामान त्यातच येतं.

शेतीवाल्यांसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात कृषी हवामानशास्त्राचं प्रगत केंद्र आहे, ते राहुरी विद्यापीठाखाली येतं, आणि परभणीलाही हा विषय आहे. गावाकडे शेती आहे आणि परतायचं आहे अशांनी हाच रस्ता धरावा असं मला मनापासून वाटतं. आयएमडीचा कृषी हवामान विभाग पुण्यात १९३२ पासून आहे, ही परंपरा उसनी आणलेली नाहीये.

सिलॅबस उघडा, नावावर जाऊ नका

ही पायरी मी गाळली होती आणि फसलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. वेबसाईट एकदम चकाचक, क्लायमेट, सस्टेनेबिलिटी, ग्लोबल असे मोठे मोठे शब्द, आणि गच्चीवरच्या वेदर स्टेशनचा फोटो. पहिल्याच आठवड्यात गच्चीवर गेलो तर पर्जन्यमापकात कावळ्याने काड्या आणून टाकलेल्या आणि डेटा लॉगरची बॅटरी कुणीतरी काढून नेलेली. ते एक वेळ चाललं असतं, पण डायनॅमिक मीटिऑरॉलॉजी हा पेपर ऐच्छिक होता आणि शिकवायला माणूस नव्हता म्हणून आमच्या बॅचला तो मिळालाच नाही. तो मी नंतर नोकरी करत करत रात्री पुस्तकं घेऊन शिकलो, दीड वर्ष गेलं.

म्हणून सिलॅबसची पीडीएफ डाउनलोड करा आणि यातलं काय काय आहे ते शोधा: डायनॅमिक मीटिऑरॉलॉजी (वारा का आणि कसा वाहतो त्याची समीकरणं), सिनॉप्टिक (नकाशे वाचून अंदाज), वातावरणाची थर्मोडायनॅमिक्स आणि ढगांचं फिजिक्स, रेडिएशन, न्यूमेरिकल वेदर प्रेडिक्शन, स्टॅटिस्टिक्स, आणि रडार-उपग्रह. जागतिक हवामान संघटनेने, म्हणजे डब्ल्यूएमओने, हवामानतज्ज्ञाला किमान काय यायला हवं याची एक यादीच केलीये, बीआयपी-एम म्हणतात तिला, नेटवर मिळते. ती एका बाजूला आणि सिलॅबस दुसऱ्या बाजूला ठेवून खुणा करत जा. डायनॅमिक आणि सिनॉप्टिक दोन्ही सक्तीचे नसतील तर तो कोर्स दुसऱ्या कशाचा तरी आहे. पर्यावरण धोरणाचा असेल, जीआयएसचा (संगणकावरच्या नकाशांचा) असेल, वाईट नसेल, पण हवामानाचा नाही.

प्रॅक्टिकलचे तासही बघा. लिनक्स, पायथन, आणि डब्ल्यूआरएफसारखं मॉडेल मुलं स्वतः चालवतात की सर प्रोजेक्टरवर दाखवतात? फोर्ट्रान या जुन्या कोडिंगच्या भाषेला नाकं मुरडू नका, मॉडेलं अजून त्याच्यातच लिहिलेली आहेत.

जाऊन बघा, नाहीतर फोन करा

जमलं तर प्रत्यक्ष जा. तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत. आणि प्रवेश विभागात नको, थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे, कॅन्टीनमध्ये. सकाळी नकाशांवर चर्चा होते का विचारा. चांगल्या विभागात कुणीतरी आजची सॅटेलाइट इमेज घेऊन भांडत असतं, कमी दाबाचा पट्टा उद्या कुठे असेल यावर पैजा लागतात, आणि ते वातावरण नसेल तर मशीनं कितीही असोत, उपयोग नाही. वेधशाळेचा फुगा कधी सोडताना बघितलाय का हे पण विचारा, रेडिओसाँडची (फुग्याखाली लटकवलेल्या यंत्राची) जागतिक वेळ आपल्याकडची पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचची असते, एकदा तरी पहाटे उठवून कुणी नेलं असेल तर ते शिक्षक चांगले.

जाणं जमत नसेल तर लिंक्डइनवर त्या विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेली पाच माणसं शोधा. फार जुनी नको, त्यांच्या आठवणी गोड झालेल्या असतात. विचारायचं एवढंच: तुमच्या बॅचमधले किती जण आज हवामानातच आहेत? प्रोजेक्ट कुठे केला, बाहेर पाठवतात का? गाईड मिळायला किती वेळ लागला? फेलोशिपचे पैसे वेळेवर येतात का? शेवटच्या प्रश्नावर मोठा श्वास ऐकू आला तर समजून जा.

संशोधनवाल्यांनी प्राध्यापकांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर काढून बघावेत. पेपरवर विद्यार्थ्याचं नाव पहिलं असतं का बघा. आणि मेल करायचा तर "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट" असा नको, तो न वाचताच जातो. एक पेपर खरोखर वाचा, त्यातली न कळलेली एक गोष्ट विचारा, तुम्ही काढलेला एखादा नकाशा जोडा, सहा ओळींत संपवा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एक आठवण, मग सोडून द्या.

एक फुकटचा सल्ला, मोठं नाव न मिळाल्याचं फार दुःख करू नका. साध्या विद्यापीठात एमएस्सी करून आयआयटीएममध्ये सहा महिने प्रोजेक्ट केलेल्या मुलाकडे मी मोठ्या नावाच्या पण कधी खरा डेटा न हाताळलेल्या मुलापेक्षा जास्त विश्वासाने काम देतो. महाबळेश्वरला आयआयटीएमची ढगांची प्रयोगशाळा आहे, पावसाळ्यात तिथे ढग खिडकीतून आत येतात, तिथे काम केलेल्या पोराला ढग शिकवावा लागत नाही.

पैशाचं

गेटवरून एमटेक केलं तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, जेआरएफला, म्हणजे नेटमधून पीएचडीची फेलोशिप मिळाली तर, २०२३ पासून ३७,००० रुपये अधिक घरभाडं. एमएस्सीला बहुतेक ठिकाणी काही नाही, पण सरकारी विद्यापीठांची फी झेपण्यासारखी असते. हॉस्टेल मिळतं का हे फीच्या आधी विचारा, पुण्यात हॉस्टेल नसेल तर खोलीचं भाडं वर्षाच्या फीला सहज मागे टाकतं.

परदेशात जायचं असेल तर

इंग्लंडचं रीडिंग विद्यापीठ, तिथला हवामान विभाग १९६५ चा, हे नाव सगळ्यांना माहिती असतं. अमेरिकेत ओक्लाहोमा, पेन स्टेट, कोलोरॅडो स्टेट. ओक्लाहोमाच्या नॉर्मनमध्ये विद्यापीठ आणि सरकारी वादळ अंदाज केंद्र एकाच इमारतीत आहे, टोर्नॅडो करायचा असेल तर तीच जागा, पण आपल्याला मान्सून करायचा आहे का टोर्नॅडो, हे आधी ठरवा! अमेरिकेत या विषयात रिसर्चवाल्या एमएसलाही बऱ्याच ठिकाणी असिस्टंटशिप मिळते, म्हणजे फी माफ आणि वर स्टायपेंड, त्यामुळे स्वतःचे पैसे भरून जायच्या आधी दहा प्राध्यापकांना मेल करून बघा. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नसते, हॅम्बुर्ग चांगलं.

आणि एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसमध्ये लागायला हवामानाचे किमान २४ सेमिस्टर अवर्स लागतात, ते तुम्ही कराल, पण सरकारी नोकरी असल्यामुळे नागरिकत्वही लागतं. तिथल्या टीव्हीवर दिसणारं फोरकास्ट ऑफिस बघून कर्ज काढू नका.

तारखा आणि कागद

गेट आणि जॅम, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सीची परीक्षा, दोन्हीचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे ज्या जूनला प्रवेश हवा त्याच्या आदल्या गणपतीत तयारी सुरू पाहिजे. कुसाटचा फॉर्म नव्या वर्षात येतो. पुणे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्याच्यानंतर. एकाच वहीत सगळ्या तारखा लिहून भिंतीला लावा, कारण कोचीच्या फॉर्मची आठवण करून द्यायला तुमच्या कॉलेजात कुणी नसतं.

आणि कागद. केंद्राच्या संस्थांना ओबीसी नॉन-क्रिमीलेयर सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यात लागतं, आपल्या राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. ईडब्ल्यूएसचंही तसंच. राज्याचं एसईबीसी आयआयटीत चालत नाही. दरवर्षी कुणीतरी यादीत नाव लागल्यावर सेतू केंद्रात धावतो, तेव्हा अर्धा तालुका शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी तिथेच रांगेत उभा असतो आणि सर्व्हर डाउन असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जा, उन्हाचा त्रास होईल पण रांग नसते.